पुराण मागणारा माणूस

'पुराण' म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतील. एक म्हणजे आजीकडची लाल कापडात बांधलेली पोथी. दुसरी म्हणजे तासभर फोनवर बोलणाऱ्या मावशीबद्दल घरात हमखास निघणारं वाक्य, 'काय पुराण लावलंय!' दोन्हींत एक सारखेपणा आहे. पुराण ही सांगायची गोष्ट असते, निवांत सांगायची आणि लांबवायची. त्यात ऐकणाऱ्यालाही काम असतं. परीक्षित विचारतो, शुक सांगतो. जनमेजय विचारतो, वैशंपायन सांगतो. कोणीतरी विचारल्याशिवाय पुराण सुरूच होत नाही.

१६१६ साली गोव्यात राचोल इथे याच घाटाचं एक पुस्तक छापलं गेलं. त्यात जवळपास अकरा हजार मराठी ओव्या होत्या. गोष्ट मात्र बायबलची होती. जगाच्या निर्मितीपासून सुरू होऊन येशूच्या जन्मापर्यंत, मरणापर्यंत आणि पुनरुत्थानापर्यंत जाणारी. लिहिणारा होता इंग्लंडच्या विल्टशायरमधला जेझुइट पाद्री, थॉमस स्टीफन्स. तुकाराम तेव्हा देहूत आठ-नऊ वर्षांचे असतील. या पुस्तकाला आज आपण 'क्रिस्तपुराण' म्हणतो.

बायबल लोकांना आवडावं म्हणून जगभर नाना प्रयत्न झाले. भाषांतरं झाली, नाटकं झाली, चित्रं काढली गेली, आता ॲनिमेशनच्या मालिकाही आहेत. त्या सगळ्यांत मला क्रिस्तपुराण वेगळं वाटतं, कारण या पुराणातही एक परीक्षित आहे. तो काय मागतो, ते नीट ऐकण्यासारखं आहे.

प्रसंग असा. रविवारची दुपार आहे. साष्टीतल्या एका चर्चमध्ये मुलांना धर्माचे पाठ शिकवणं चाललंय. प्रश्नोत्तरं, प्रार्थना, घोकंपट्टी. एवढ्यात एक माणूस उठतो. तो मूळचा ब्राह्मण, आता ख्रिस्ती झालेला. तो पाद्रीला साधारण असं म्हणतो: तुम्ही शिकवता ते चांगलंच आहे, प्रार्थनाही चांगल्या आहेत. पण आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत. मग त्या जागी आमच्या भाषेत दुसरं काही का देत नाही? पाद्री खूश होतो, आणि पुराण सुरू होतं.

आता 'बंद केलीत' हे दोन शब्द जरा उलगडून बघू.

आधी काय होतं, काय गेलं

साष्टी म्हणजे आजच्या दक्षिण गोव्यातला मडगाव आणि आसपासचा भाग. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झालं. १५६७च्या सुमारास साष्टीतली देवळं मोठ्या प्रमाणावर पाडली गेली. तुम्ही गोव्याला गेलात तर मंगेशीला आणि कवळ्याच्या शांतादुर्गेला जाता ना? ही दोन्ही दैवतं मूळची तिथली नाहीत. मंगेश कुठ्ठाळीचा, शांतादुर्गा केळशीची. भक्तांनी मूर्ती उचलल्या आणि पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, नदीपलीकडे अंत्रुज महालात नेल्या. ज्यांना जाता आलं ते गेले. जे राहिले त्यांच्यातल्या पुष्कळांनी धर्म बदलला. कोणी मनापासून, कोणी जमिनीसाठी, कोणी भीतीपोटी. बहुतेकांच्या बाबतीत यातलं थोडंथोडं सगळंच असावं.

देऊळ गेलं की फक्त पूजा जात नाही. संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर होणारी कथा जाते, पोथी वाचणारा जातो. पावसाळ्याच्या रात्री चार घरची माणसं ज्यासाठी एकत्र जमत होती ते निमित्त जातं. नव्या धर्माने त्या जागी प्रश्नोत्तरांचं पुस्तक दिलं. देव किती, आज्ञा किती, पाप कोणतं. पाठ करायला ते ठीक होतं. पण रात्री जेवणं झाल्यावर प्रश्नोत्तरं घेऊन कोण बसणार?

म्हणजे स्टीफन्सच्या पुराणातला तो माणूस जे मागतोय ती एक मोकळी झालेली जागा आहे, आणि ती जागा मोकळी कोणी केली हे तो पाद्रीच्या तोंडावर सांगतोय. लक्षात घ्या, हे पात्र स्टीफन्सने स्वतः उभं केलंय. राज्यकर्त्यांच्या धर्माचा पाद्री आपल्याच पुस्तकात नोंदवून ठेवतो की यांची पुराणं आम्ही काढून घेतली. तो त्याबद्दल हळहळ व्यक्त करत नाही. पण लपवतही नाही.

पाद्री कुठून आला

स्टीफन्सची स्वतःची कहाणीही सरळ नाही. त्याच्या तरुणपणी, राणी एलिझाबेथच्या इंग्लंडमध्ये, कॅथलिक मिस्सा कायद्याने बंद होती. त्याचा जिवलग मित्र थॉमस पाउंड कॅथलिक धर्मासाठी तुरुंगात गेला आणि आयुष्याची सुमारे तीस वर्षं तिथेच राहिला. स्टीफन्स रोमला निसटला, जेझुइट झाला. १५७९च्या एप्रिलमध्ये त्याने लिस्बनहून जहाज पकडलं आणि २४ ऑक्टोबरला तो गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ साली मरेपर्यंत, तो तिथेच राहिला.

स्वतःच्या देशात ज्याची प्रार्थना गुन्हा ठरली होती, तो माणूस अशा ठिकाणी काम करत होता जिथे दुसऱ्यांची पूजा गुन्हा ठरली होती. या दोन गोष्टी त्याने मनात कधी शेजारीशेजारी ठेवल्या का, हे आपल्यापुरतं आपण ठरवू शकतो. त्याने काय केलं ते मात्र डोळ्यांसमोर आहे. तो भाषा शिकला, आणि कामचलाऊ नव्हे. रस्त्यावरची बोली कोकणी होती. तिचं व्याकरण त्याने लिहिलं, ते त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली छापलं गेलं. कथापुराणाची भाषा मराठी होती, म्हणून पुराण त्याने मराठीत रचलं, अधूनमधून कोकणी शब्द पेरत. मराठीची थोरवी सांगताना त्याने मोगऱ्याची आणि कस्तुरीची उपमा दिली, ती आजही दर मराठी भाषा दिनाला कोणी ना कोणी फॉरवर्ड करतं. तुम्हालाही आली असेल.

परदेशात राहून मराठी टिकवणारे तुम्ही आणि परदेशातून येऊन मराठी शिकलेला तो. तुमचा आणि त्याचा रस्ता एकच, फक्त उलट्या दिशेचा.

आणखी एक बाब तुमच्या ओळखीची वाटेल. पुस्तक छापलं गेलं ते रोमन लिपीत. स्टीफन्सला देशी लिपी हवी होती. १६०८ साली त्याने रोमला वरिष्ठांना पत्र लिहून त्या लिपीचे खिळे पाडायची परवानगी मागितली होती. पण अक्षरं, काना-मात्रा, जोडाक्षरं मिळून शेकडो साचे लागणार होते, आणि ते काम काही झालं नाही. त्यामुळे छापलेल्या सगळ्यात जुन्या मराठी ग्रंथांपैकी एक चक्क आपण व्हॉट्सॲपवर लिहितो तसा आहे. रोमन अक्षरांत मराठी लिहिल्याबद्दल पुढच्या वेळी काका रागावले, तर त्यांना राचोलचा दाखला द्या.

ओवीने काय केलं

बायबल मुळात मितभाषी पुस्तक आहे. अब्राहाम मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगराकडे घेऊन निघतो. तीन दिवसांची वाट, बापलेक बरोबर, आणि मूळ मजकुरात त्या वाटेवरचं बोलणं जेमतेम दोन-तीन वाक्यांचं. बापाच्या मनात काय चाललंय त्यावर एक शब्द नाही. कथेकऱ्यासाठी हे मोकळं शेत आहे.

स्टीफन्सने पुराणाची चाल घेतली. आरंभी नमन आहे, ते देवाला. श्रोते मध्येमध्ये शंका काढतात, पाद्री समजावतो, आणि कथा पुढे सरकते. छंद ओवीचा आहे, ज्ञानेश्वर आणि एकनाथ ज्या छंदात बोलले तोच. पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, श्वास घ्यायला जागा देणारा. स्वर्गासाठी त्याला शब्द लागला तेव्हा त्याने वैकुंठ घेतला. वाचता न येणाऱ्यालाही चार वेळा ऐकून ओवी पाठ होते. जात्यावरच्या बायकांना हे सांगायला कोणी नको.

एका हिशेबाने बघा. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला तो १८११ साली. म्हणजे बायबलची कथा मराठीत ऐकली जाऊ लागली आणि त्यानंतर जवळपास दोनशे वर्षांनी बायबलचं पुस्तक मराठीत हातात आलं. आधी गोष्ट आली, मग ग्रंथ आला.

आवडलं का लोकांना? याचा माझ्यासाठी सगळ्यात भक्कम पुरावा पुस्तकाच्या शेवटच्या प्रवासात आहे. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या: १६१६, १६४९ आणि १६५४. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. म्हणजे ज्या सत्तेच्या छायेत पुराण रचलं गेलं, तीच सत्ता आता त्याच्या भाषेवर उठली. त्या तीन आवृत्त्यांमधली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही.

उरल्या त्या हाताने उतरवलेल्या प्रती. गोव्यातून अनेक ख्रिस्ती कुटुंबं दक्षिणेला कानडी मुलखात, मंगळूरकडे गेली, आणि जाताना हे बाड बरोबर घेऊन गेली. घरोघरी त्याच्या वह्या होत्या, उपवासाच्या दिवसांत त्यातल्या ओव्या गायल्या जात. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालदान्हा यांनी पुस्तक पुन्हा छापलं, ते अशाच हस्तलिखितांवरून. अकरा हजार ओव्या हाताने उतरवून काढायला कोणी फर्मान काढलं नव्हतं. फर्मान उलट दिशेचं होतं.

एक देवनागरी हस्तलिखित तर लंडनला पोचलं. विल्यम मार्सडेन नावाच्या विद्वानाच्या संग्रहातून ते आज सोॲस विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. १९२०च्या दशकात जस्टिन ॲबट यांनी ते ओळखून काढलं. तुमच्यापैकी जे लंडनमध्ये आहेत त्यांच्यासाठी हे अंतर भुयारी रेल्वेने अर्ध्या तासाचं आहे.

आता दुसरी गोष्ट, जबरदस्तीविना

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सुंदर आहे, पण मनात खडा राहतोच. ज्याच्या गोष्टी काढून घेतल्या त्याला दुसरी गोष्ट दिली, आणि ती त्याला आवडली. याला प्रेम म्हणायचं का?

याचं उत्तर शोधताना मला कोकणातल्याच दुसऱ्या एका समाजाची आठवण होते. बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी ही आपली सुरुवात, असं त्यांची परंपरा सांगते. गावोगावी ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावं दिवेकर, पेणकर, किहीमकर. घरची भाषा मराठी. शब्बाथ, सुंता आणि 'शमा' ही प्रार्थना त्यांनी शतकानुशतकं जपली. पण हिब्रू जवळपास विसरली गेली होती, आणि हिब्रूबरोबर शास्त्रातल्या पुष्कळशा कथाही.

एकोणिसाव्या शतकात हा समाज मुंबईत येऊ लागला आणि तिथे त्याची गाठ मिशनऱ्यांशी पडली. १८२९ साली मुंबईत आलेल्या जॉन विल्सन यांनी यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. शाळा निघाल्या, जुना करार मराठीत वाचायला मिळू लागला. मिशनऱ्यांना वाटलं होतं की हे वाचून मंडळी ख्रिस्ती होतील. मंडळींनी हिब्रू घेतली, मराठी बायबल घेतलं, शाळा घेतल्या आणि धर्म स्वतःचाच ठेवला. ख्रिस्ती झालेले बेने इस्रायली फार थोडे.

मग १८८०च्या सुमारास मुंबईत त्यांच्यातल्या काही जणांनी एक नवीन गोष्ट सुरू केली: कीर्तन. शेजारपाजारच्या हिंदू कीर्तनातून त्यांनी रचना उचलली. आधी नमन, मग पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान. पेटी, तबला, झांजा. साकी, दिंडी, ओवी. आख्यानं मात्र अब्राहामाची, योसेफाची. त्यांच्या पुस्तिकाही छापल्या गेल्या. ज्या कथा मुळात त्यांच्याच पूर्वजांच्या होत्या, त्या त्यांनी शेजाऱ्याच्या चालीवर स्वतःला पुन्हा ऐकवल्या.

योसेफाचंच आख्यान घ्या. भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात, विकतात. तो मिसरात पोचतो, तुरुंगात जातो, बाहेर येतो आणि शेवटी फारोचा उजवा हात होतो. त्याला मिसरी नाव मिळतं, मिसरी पोशाख, मिसरी बायको. मग दुष्काळ पडतो आणि तेच भाऊ धान्य विकत घ्यायला त्याच्या दारात येतात. तो त्यांना ओळखतो. ते त्याला ओळखत नाहीत. तो त्यांच्याशी दुभाष्यामार्फत बोलतो. त्यामुळे भावांना वाटतं, या साहेबाला आपली भाषा कळत नाही. ते त्याच्यासमोरच आपापसांत बोलू लागतात, आपण त्या पोराशी किती वाईट वागलो म्हणून. योसेफाला शब्दन् शब्द कळतो. तो तोंड फिरवतो, बाजूला जातो आणि रडतो.

हा प्रसंग परदेशात वाढलेल्या कोणाला वेगळा समजावून सांगावा लागेल, असं मला वाटत नाही. ट्रेनमध्ये मागच्या सीटवर अचानक कोणी मराठीत बोलतं, आपण आहोत हे त्यांना माहीत नसतं, आणि आपण वळून बघावं की न बघावं अशा अवस्थेत दोन स्टेशनं जातात. उत्पत्तीच्या पुस्तकात दुभाष्याचा उल्लेख एका ओळीत आटपतो. कीर्तनकाराच्या हातात तीच ओळ आली की तो पेटीवाल्याकडे बघतो, सूर खाली आणतो, आणि समोरच्या बायका पदर डोळ्याला लावतात.

पुढे १९४८नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. रामले, लोद, अश्दोद, बीरशेबा, दिमोना. तिथे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या विवाहांवरून त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली गेली. त्यांना निदर्शनं करावी लागली, तेव्हा कुठे १९६४ साली सरकारने ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी ती कथा मराठीत गाऊन जिवंत ठेवली त्यांनाच विचारलं गेलं की ही कथा तुमची कशी? तरीही ही मराठी गाणी तिथे विसरली गेली नाहीत. मलिद्याच्या ताटाभोवती एलियाहू हन्नाबीचं गाणं आजही म्हटलं जातं.

मागणारा आणि उठून जाणारा

साष्टीतला तो माणूस आणि मुंबईतले कीर्तनकार यांना शेजारी बसवून बघा. दोघांनाही बायबल प्रिय झालं ते वादाने नव्हे, भाषांतरानेही नव्हे. कानाला आधीपासून ओळखीच्या असलेल्या चालीतून ते आलं, आणि ते त्यांनी स्वतः मागितलं. इथपर्यंत दोन्ही गोष्टी सारख्या आहेत.

फरक दाराचा आहे. मुंबईतल्या बेने इस्रायली माणसाला कीर्तन आवडलं नसतं तर तो उठून घरी गेला असता, आणि शेजारच्या रामाच्या देवळातलं कीर्तन ऐकायलाही त्याला कोणी अडवलं नसतं. साष्टीतल्या माणसाला ती सोय नव्हती. त्याची जुनी गोष्ट नदीपलीकडे गेली होती, आणि तिच्या मागे जाणं गुन्हा होता.

म्हणून क्रिस्तपुराणावरचं प्रेम खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. पहिल्या पिढीने ते पोकळी भरायला घेतलं असेल. पण चौथ्या-पाचव्या पिढीत मंगळूरच्या एखाद्या घरात दिव्याखाली बसून जो माणूस ते उतरवून काढत होता, त्याच्यासाठी ती त्याच्या आजीने ऐकवलेली ओवी होती. त्याचं प्रेम खरं होतं. त्या प्रेमाच्या मुळाशी झालेला अन्यायही खरा होता. पुस्तक वाचताना दोन्ही सोबत धरता आले पाहिजेत. एक हातातून सोडलं की उरते ती नुसती प्रशस्ती किंवा नुसतं आरोपपत्र.

तेव्हा गोष्टीच्या जोरावर एखादा ग्रंथ, एखादा धर्म, एखादा विचार कसा लोकप्रिय झाला हे तुम्हाला पुढे कोणी रंगवून सांगेल, तेव्हा ते जरूर ऐका. फक्त दोन प्रश्न विचारा. ही गोष्ट यायच्या आधी तिथे कोणती गोष्ट होती? आणि ऐकणाऱ्यांपैकी एखाद्याला मधेच उठून जायचं असतं, तर दार उघडं होतं का?

पुराणात श्रोत्याने प्रश्न विचारायचेच असतात. कथा त्यानेच पुढे जाते.